उंचीचं कारण

चाळीस वर्षं मी रेल्वेत काढली, आणि त्यातली निम्मी तरी गाडी उशिरा का आली याची कारणं सांगण्यात गेली. दिरे दावाच्या जुन्या स्टेशनावर माझी, म्हणजे शिफेरावची, कारणं प्रसिद्ध होती. रुळांवर उंट बसले. आवाशच्या पुढच्या चढावर इंजिनाला धाप लागली. पुलाखाली पाणी आलं. लोक शिव्या द्यायचे, पण मानायचे. माझ्या तोंडून खोटंसुद्धा वेळापत्रकासारखं बाहेर पडायचं. याचा मला अभिमान होता. आता लाज वाटते.

तिरिंगो माझी थोरली बहीण. मी तिला एताये म्हणतो, ती मला राजा म्हणते. चौसष्ट वर्षांच्या टकल्या माणसाला चारचौघांत राजा म्हणू नये हे तिला कितीदा सांगितलं, तिनं ऐकलं नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सोळाची. तिनंच मला वाढवलं. स्वतःचं लग्न लांबवलं, म्हणून मूलही उशिरा झालं. ते एकच. अम्हा.

अम्हा अदिस अबाबात लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला मुलगी झाली तेव्हापासून एताये दिवस मोजत होती, कारण मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी, आणि त्याला आजी नको का? तिच्या तयारीपायी घराचं गोदाम झालं होतं. बेरबेरे या लाल मसाल्याची पिशवी, शिरोचं म्हणजे डाळीचं पीठ, मसाल्याच्या लोण्याचा डबा, बाळाला पांढरं शुभ्र विणलेलं वस्त्र. आणि दाबो कोलो, कणकेचे वाटाण्याएवढे तुकडे भाजून केलेले. ते मात्र शेवटी करायचे, ताजे. अम्हाला दात तुटतील इतके कडक लागायचे.

"गाडीत किती वजन चालतं रे?" ती विचारायची.

"तू आणि पिशवी दोन्ही मिळून नाही चालायचं."

"मग तुला ठेवून जाते. तुझ्या जागी लोण्याचा दुसरा डबा बसेल."

असं आमचं चालायचं. आमच्यात कॉफी तीनदा उकळून पितात; ते तिन्ही फेरे होईपर्यंत आम्ही बोलता बोलता अदिसला तीनदा जाऊन येत असू.

बाळ महिन्याचं झालं असेल, तेव्हा अम्हाचे डोळे पिवळे झाले. त्याला दवाखान्यात ठेवलं. त्यानं मला फोन केला, आईला नाही. "गाशे, आईला कळू देऊ नका," तो म्हणाला; मोठ्या माणसाला आमच्यात आदरानं गाशे म्हणतात. "तिची छाती नाजूक आहे. मी बरा होतो आणि तिला न्यायला मीच येतो." मी वचन दिलं. आमच्यात वाईट बातमी एकट्या माणसाला फोनवरून कुणी देत नाही. ती द्यायची वेळ असते, माणसं असतात, रीत असते. तोवर ज्याला माहीत आहे त्यानं तोंड मिटून बसायचं. आम्ही सगळेच यात लहानपणापासून तयार झालेलो असतो.

अम्हा खाटेवरून दर रविवारी आईला फोन करायचा. आवाज असा खणखणीत, की मलाच वाटायचं, पोरगा बरा झाला. मग एका रविवारी फोन आला नाही. मी एतायेला सांगितलं की तो बाहेरगावी मोठ्या इमारतीच्या कामावर गेलाय, तिथं फोन लागत नाही. कारण तयारच होतं.

मंगळवारी सकाळी त्याच्या बायकोचा, मिस्राकचा, फोन आला. ती रडत नव्हती, हळू बोलत होती. "गाशे, तो सारखा आईला हाक मारतोय. त्यांना घेऊन या."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर काही म्हणत नाहीत. तुम्ही आणा त्यांना."

"बघतो," मी म्हणालो.

त्याच दुपारी एताये कॉफीचे दाणे भाजता भाजता थांबली. पळी हातात तशीच.

"राजा, मी बाप्तिस्म्याची वाट नाही बघत. उद्याच जाते. पहाटे अम्हा स्वप्नात आला. अनवाणी होता."

आता सांगायला हवं होतं. तोंडातून नुसतं "चल" एवढंच निघायला हवं होतं, बाकीचं गाडीत सुचलं असतं. मी काय केलं? मी रेल्वेवाला झालो.

"वेडी आहेस का? दिरे बाराशे मीटर. अदिस तेवीसशेच्या वर. जवळजवळ दुप्पट. इंजिनं धापा टाकायची तिथं, तुझी छाती काय टिकणार? मागच्या वेळी दोन पायऱ्यांवर बसली होतीस, विसरलीस?"

"ते चपलेत खडा गेला होता म्हणून."

"खडा म्हणे! आधी महिनाभर औषध घे. डॉक्टरला विचारू. मग बघू."

"तू चढलास ना रे हजारदा?"

"मी गाडीत बसून चढलो, एताये. आणि मी तरुण होतो."

ती हसली. "बरं बाबा. उंचीचं तुलाच कळतं." आणि पुन्हा दाणे हलवायला लागली.

खरं कारण उंची नव्हतीच. अम्हाला दिलेलं वचनही नव्हतं, ते वचन तर त्याच्याच हाकेनं मोडलं होतं. ती रडली तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी भ्यालो. गाडीतले ते सगळे तास तिच्यासमोर बसून, सगळं माहीत असलेला चेहरा घेऊन काढायची माझी हिंमत नव्हती. उद्या तो बरा होईल, परवा होईल, मग सांगावंच लागणार नाही, असा हिशेब केला. भित्रेपणाला मी काळजी असं नाव दिलं, एवढंच.

गुरुवारी सकाळी अम्हा गेला. शुक्रवारी अदिसलाच त्याला पुरलं.

आमच्या गल्लीच्या ईदिरचे, म्हणजे मयताला तंबू, बाकं आणि पातेली पुरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख आतो तेशोमे. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मेर्दो रविवारी पहाटे," ते म्हणाले. मेर्दो म्हणजे मृत्यूची बातमी दारात जाऊन सांगणं. "तुमच्या हरारच्या चुलतभावांना यायला वेळ लागेल. तोवर तिला काही खाऊपिऊ घाल, आणि चेहरा सांभाळ. तू तर यात पटाईत आहेस." त्यांनी ते चांगल्या मनानंच म्हटलं.

शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो. ती पुन्हा तेच बोलायला लागली, आणि मला उंचीचा उच्चार करवेना. शिवाय आता अडवून काय मिळणार होतं?

"बरं, जाऊ," मी म्हणालो. "सोमवारच्या गाडीनं. मीही येतो."

तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि टकलाचा मुका घेतला. "बघ, ऐकतो माझा राजा! मला वाटलं, तू मला इथंच पुरशील."

"पुरायचं काय बोलतेस," मी बोलून गेलो आणि पिशवी उचलून वजन बघायला लागलो.

शनिवारी तिनं दाबो कोलो केले. मला समोर बसवलं आणि मूठभर हातावर ठेवले. "खाऊन सांग, त्याला आवडतील इतके कडक झालेत का?" मी खाल्ले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "झालेत," मी म्हणालो. तिनं आणखी मूठभर दिले. मी तेही खाल्ले. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय, पण चावून खाल्लेलं खोटं तेवढंच.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही तिच्या दाराशी गेलो. नऊजण, सगळे पांढऱ्या गाबीत गुंडाळलेले. पहाटे दारात अशी माणसं उभी राहिली की आमच्याकडे कुणाला काही सांगावं लागत नाही. ती उठलेलीच होती, पिशवीचं तोंड दोरीनं बांधत होती. तिनं दार उघडलं. आतो तेशोमेंकडे बघितलं, चुलतभावांकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे.

"राजा, तूसुद्धा?"

पुढचं मला नीट आठवत नाही. बायका आत धावल्या. ती छाती बडवत होती, आणि ती नाजूक छाती काही केल्या थकत नव्हती.

तीन दिवस तंबूत माणसं येत राहिली. मी बाकं लावली, पाणी दिलं, नजर चुकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा तिनं मला जमिनीवरच्या गादीवर शेजारी बसवलं. आवाज पार बसला होता.

"तो कधी गेला?"

"गुरुवारी. सकाळी."

"आजारी किती दिवस होता?"

"तीन आठवडे."

ती बोटं मोजत होती, जशी बाप्तिस्म्याचे दिवस मोजायची तशी.

"मंगळवारी तू म्हणालास, उंची झेपणार नाही. शुक्रवारी म्हणालास, चल. मधल्या तीन दिवसांत अदिस खाली आलं होतं का?"

मी चाळीस वर्षांतली सगळी कारणं चाचपली. उंट, पूल, इंजिन. एकही पुढं येईना.

"मंगळवारी तो होता ना?" तिनं विचारलं.

"होता."

"बोलत होता?"

इथं खोटं बोलणं दयेचं झालं असतं असं पुढं मला कुणीकुणी सांगितलं. पण ती माझ्याकडे बघत होती, शनिवारी माझ्या तोंडाकडे बघत होती तशीच.

"तुला हाक मारत होता, एताये. मिस्राकनं सकाळीच फोन केला होता. मी भ्यालो."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती मारील, आणि मारावं असंच वाटत होतं. तिनं गाबी नीट केली.

"सोमवारचं तिकीट गेलं असेल."

"बदलून मिळेल."

"मग बदल."

आम्ही गेलो. मिस्राक बाळाला घेऊन स्टेशनावर आली होती. एतायेनं बाळाचा वास घेतला, दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडल्या, आणि मग ती म्हणाली, "आधी त्याच्याकडे." पिशवी मी उचलायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. लोणी, पीठ मिस्राककडे दिलं. कोलोची पिशवी स्वतःच्या हातात ठेवली.

अम्हाला ज्याच्या आवारात पुरलं ते चर्च टेकडीवर होतं. दगडी पायऱ्या, दोन्हीकडे निलगिरी, हवा गार आणि पातळ. खाली फाटकाशी भिकारी बसले होते. मी विचार केला, ती इथंच अम्हाच्या नावानं कोलो वाटेल, तेवढाच तिला दम खायला मिळेल. तिनं वाटले, मूठ मूठ, प्रत्येकाला, आणि चढायला लागली. मिस्राक बाळाला घेऊन तिच्यामागं. मी शेवटी.

ती एकदाही थांबली नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तीन दिवस धड जेवली नव्हती, एक एक पायरी बघून टाकत गेली. पन्नासाव्या पायरीवर माझ्याच कानात ठोके वाजायला लागले. साठाव्या पायरीवर मी गुडघ्यांवर हात टेकले आणि वाकून उभा राहिलो. तोंड उघडलं तरी हवा पुरत नव्हती.

वर बघितलं तर ती शेवटच्या पायरीवर उभी होती, माझ्याकडे तोंड करून. वाट बघत.

"शिफेराव," तिनं हाक मारली. जन्मात पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली. "तू सांगत होतास ती उंची हीच का?"

मी मान हलवली. ती वळली आणि माझ्यासाठी न थांबता आत गेली.