आईचा सुजलेला पाय

विरारच्या फ्लॅटमध्ये प्रल्हाद आणि त्याची आई यमुनाबाई, दोघंच राहत. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर मर्लिन यांनी घरी पाठवताना बजावलं होतं, "वॉकर धरून रोज थोडं थोडं चालवा." पण प्रल्हादचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. आईला उठवायचं, धरायचं, पुन्हा निजवायचं, की मीटिंगचा विचका व्हायचा.

"आई, पडून राहा गं. पुन्हा पडलीस म्हणजे?" असं तो म्हणायचा, आणि आपण आईला जपतोय असं त्याला खरंच वाटायचं.

यमुनाबाईंनी मग पाणी पिणंही कमी केलं. सारखं बाथरूमला न्यायला लेकाला कशाला उठवा!

एका सकाळी त्यांचा डावा पाय पोटरीपाशी टम्म सुजलेला दिसला. लालसर आणि गरम.

"कधीपासून दुखतोय?"

"झाले दोन-तीन दिवस. तू कामात होतास."

कोणतं तेल चोळू, हे विचारायला प्रल्हादने डॉक्टरांना फोन लावला.

"चोळू नका! आहेत तशा त्यांना लगेच घेऊन या!"

सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. डॉक्टर म्हणाल्या, "चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पडून राहिलं की ते साकळतं, आणि ऑपरेशननंतर हा धोका जास्तच. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. मी चालवायला सांगितलं होतं ना?"

यमुनाबाई घाईने म्हणाल्या, "त्याचा दोष नाही हो. तो रोज म्हणायचा. मीच आळस केला."

प्रल्हादला आईकडे बघवेना.

"खोटं बोलतेय ती," तो कसाबसा म्हणाला. "ती उठू बघायची. मीच निजवून ठेवलं. माझं काम अडू नये म्हणून."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं, हळूहळू सूज उतरली. डॉक्टरांनी परवानगी देताच प्रल्हाद रोज लॅपटॉप मिटून आईला हात देऊ लागला. ती दमून थांबली की तोही थांबे. पण तिच्या नजरेला नजर द्यायला त्याला बरेच दिवस लागले.

वाचकहो, एकच पाय सुजला, दुखू लागला, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. छातीत दुखलं, धाप लागली तर क्षणही दवडू नका. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं हेही औषधच आहे. आपल्या सोयीसाठी ते चुकवायचं आणि वर त्याला माया म्हणायचं, याची लाज आपल्याला वेळेवर वाटायला हवी.