ट्रकचा माणूस

अवसरी बुद्रुकचा आदेश मुलगी बघायला घोडेगावला गेला, तेव्हा पोहे संपेपर्यंत त्याला एकही वाक्य सुचलं नव्हतं. चाकणच्या कारखान्यात नोकरीला होता, तिथं मशिनींच्या आवाजात बोलायची फारशी वेळ यायची नाही. आई प्रयागबाई भिंतीवरचे फोटो न्याहाळत होती. मामा सावळेराम मुलीच्या वडिलांना यंदा बटाट्यावर करपा कसा पडला ते सांगत होता. आदेशला हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यानं टीव्हीवर ठेवलेला खेळण्यातला लाल ट्रक उचलला.

ट्रक साधा नव्हता. चाकाशेजारी बोटं दिसत होती. ओढल्यावर पाय निघाला, मग गुडघा. टपाखालून छाती उलगडली आणि आपण कुठं आलोय तेच आदेश विसरला. एवढ्याशा वस्तूत अख्खा माणूस घडी घालून ठेवलाय, हे त्याला लई भारी वाटलं. डोकं मात्र निघेना. त्यानं जरा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि उजवा हात खांद्यातून सुटून त्याच्या मुठीत आला.

मामा अजून करप्यावरच होता. आदेशनं हात शर्टाच्या खिशात टाकला आणि उरलेला अर्धा ट्रक, अर्धा माणूस टीव्हीवर ठेवून दिला. तो आडवा पडला. चहा घेऊन आलेल्या अश्विनीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आदेशच्या खिशाकडे. चहा सांडला नाही.

दोघांना जरा बोलू द्या असं ठरलं आणि त्यांना मागच्या पडवीत धाडलं. आदेशनं पहिल्यांदा खिशातला हात काढून तिच्यापुढं धरला.

"तुमच्या भावाचा मोडला माझ्याकडनं."

"मला भाऊ न्हाई. रोबो माझाच हाये."

ती सातवीत असताना तिच्या मामानं दुबईहून आणलेला. त्याचे दोष तिला पाठ होते. गुडघे ढिले, त्यामुळं माणूस उभा केला की मागं कलतो. ट्रक केला की डोकं आत मावत नाही आणि मागचं दार उघडं राहतं. हात तर कधीही निघतो. एकदा वडिलांनी तो पक्का चिकटवून टाकला. माणूस मजबूत झाला, पण परत ट्रक होईना. तेव्हा तिनं सुरीनं टोकरून हात सोडवला होता.

"ढिला ऱ्हायला तरी चालंल," ती म्हणाली. "पण फिरला पायजे."

मग तिनं तिचं विचारलं. डीएडचं एक वर्ष राहिलं होतं. लग्न त्यानंतर केलं तर चालेल का?

"आईला इचारावं लागंल."

"मग इचारा."

ती रागानं बोलली नव्हती, त्यामुळं आदेशला टाळायला काही जागाच उरली नाही. त्यानं बाहेरच्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर विचारलं. करप्याचा विषय थांबला. अश्विनी टीव्हीवरच्या रोबोला हात बसवत होती; ते बघून सावळेराम म्हणाला की एवढी मोठी पोरगी खेळणी बाळगते आणि वर अटी घालते.

"मोडलं मी, मामा," आदेश म्हणाला. त्या बैठकीतलं हे त्याचं दुसरं वाक्य.

प्रयागबाईनं पोहे चांगले झाले होते असं सांगितलं आणि ती उठली. एसटीनं ते मंचरला आले. स्टँडवर उतरल्यावर ती भावाला म्हणाली, "थांबू एक वरीस. घरात एकानं तरी तोंड उघडून बोललं पायजे."

पुढच्या वर्षी लग्न घोडेगावलाच झालं. अश्विनीनं रुखवतात करंज्या आणि लाडवांच्या मधोमध रोबो मांडला होता. तो सारखा लाडवांवर पडत होता. मंगलाष्टकांची वेळ झाली तरी वरमाय सापडेना. सावळेराम शोधत आला, तर प्रयागबाई रुखवतापाशी बसलेली, मांडीवर रोबो, त्याचे गुडघे उलटे वळलेले.

"डोकं कुठनं निघतं रं ह्याचं?" तिनं विचारलं.

सावळेरामला माहीत नव्हतं. तो शेजारी बसला.