नारळाचा मधुमेह

"पेती आत्याची साखर गेली हो!"

गावचे वक्ते तुइआला यांनी काठी टेकून आरोळी दिली आणि हिरवळीवर बसलेला सगळा गाव "मालो! मालो!" अशी शाबासकी देत डोलू लागला. पेती आत्या लाजून लाल झाली. आत्याच्या मूत्राचा पेला मध्यभागी मानाच्या चटईवर विराजमान होता, आणि त्यात बुडवलेली कागदी पट्टी जशीच्या तशी निळी होती.

सावाई बेटावर गावापुढे जे ठेवलं जातं ते पुकारलं जातं. डुक्कर असो, चटई असो, वक्ता उभा राहतो आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. एकदा पुकारलं की ते गावाचं झालं, मग माघारी नेता येत नाही. आजवर हा मान मूत्राला मिळाला नव्हता. तो डॉक्टर फिलिपोंमुळे मिळाला.

डॉक्टर फिलिपो ऑकलंडहून आले होते. कमरेला गुंडाळलेल्या लावालावावर पांढरा कोट घालत. ते कसले डॉक्टर हे विचारणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"तुमच्या पेशीपेशीत एक प्रथिन आहे," ते डोळे मिटून सांगत. "नाव टीएफ-टू-बी! ते जनुकाची कळ दाबतं. पण दवाखान्याच्या सुयांनी त्याला झोपवलंय! माझं हे जागं पाणी प्या. प्रथिन उठेल, कळ दाबेल, जनुक चालू होईल आणि साखर खाऊन टाकेल!"

"साखरच खातं? आणखी काही नाही?" पेती आत्यानं विचारलं.

"फक्त साखर."

"मग माझ्या जावयापेक्षा बरं."

लोक जाग्या पाण्याची बाटली नेत आणि बदल्यात बायकांनी विणलेल्या चटया देत. सकाळभर ते पाणी पीत, दुपारी पेला घेऊन येत. आधी साखरेनं तपकिरी होणारी पट्टी आता निळी राही. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

शाळेत विज्ञान शिकवणारी लुपे मागच्या रांगेत बसून आपल्या वडिलांकडे, तुइआलांकडे बघत होती. आरोळी देताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती. आठवड्यापूर्वी त्यांनी स्वतःचीच साखर गेल्याचं स्वतःच्याच तोंडानं पुकारलं होतं. तेव्हापासून इन्सुलिन फ्रिजमध्ये लोण्याशेजारी पडून होतं. पाण्याची घागर बघता बघता रिकामी होई. बोलता बोलता त्यांना झापड येई. पायाच्या करंगळीची जखम काळी पडत चालली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, सुई घ्या."

"पुकारलंय, पोरी."

"तुमची आरोळी ऐकून रोग गेला होय?"

"गेला नसेलही." म्हाताऱ्यानं पाय पोटाशी घेतला. "पण नसलेली चटई या तोंडानं कधी पुकारली नाही. आता गुपचूप सुई टोचून घेतली, तर उद्या कुठल्या तोंडानं उभा राहू?"

लुपेला उमगलं. बाप फिलिपोवर भाळलेला नव्हता, सुईला भ्यालेला नव्हता. तो आपल्याच आवाजात अडकला होता, जाळ्यात जाळं टाकणाराच सापडावा तसा. आणि भर सभेत लेकीनं बापाला खोटं पाडणं म्हणजे त्याचा आवाज कायमचा मारणं.

तिनं बापाच्या बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं. कडक आंबट. सर्दीत चघळायच्या नारिंगी गोळ्यांची चव. ती तशीच शाळेत गेली, कपाटातल्या पट्ट्या काढल्या आणि स्वतःची खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सभेत तिनं एक शहाळं चटईवर ठेवलं.

"डॉक्टरांना भेट," ती नम्रपणे म्हणाली. "पण आधी याची साखर तपासा."

गाव हसला. फिलिपोही हसले. पट्टी शहाळ्यात बुडाली आणि तपकिरी झाली.

"अरेरे," लुपे म्हणाली, "नारळाला मधुमेह आहे. डॉक्टर, तुमच्या पाण्यानं बरा होईल?"

"छे! माणसाचं प्रथिन नारळात कुठलं? त्याच्यावर काही चालायचं नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की!"

लुपेनं दोन पेल्यांत नारळपाणी सारखंच ओतलं. एकात विहिरीचं पाणी घातलं, दुसऱ्यात तेवढंच जागं पाणी. विहिरीच्या पेल्यातली पट्टी तपकिरी झाली. दुसरी निळीच राहिली.

"अगंबाई, नारळ बरा झाला!" पेती आत्या ओरडली.

"चाखून बघा, आत्या."

आत्यानं घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आंबट आहे. पण मेलं गोडही आहे!"

"म्हणजे साखर कुठंही गेलेली नाही," लुपे म्हणाली. "या पाण्यात क जीवनसत्त्व ठासून भरलंय. साखरेमुळे पट्टीवर जो रंग उमटतो, तो हे उमटूच देत नाही. तुम्ही प्यालात की तेच मूत्रात उतरतं. बरं कुणी झालं नाही, पट्टी आंधळी झाली. आणि ते प्रथिन खरंच आहे. जनुक जिथून सुरू होतं तिथं बसून ते नक्कल उतरवणाऱ्या यंत्राला जागा दाखवतं. रात्रंदिवस जागं असतं बिचारं. ते सगळीकडे झोपलं असतं, तर इथं पेला घेऊन यायला कुणी उरलं नसतं."

फिलिपोंना एकदम उकडू लागलं. त्यांनी कोट काढला.

लुपे बापापुढे मांडी घालून बसली. "बाबा, तुमच्यापुढे जे ठेवलंय, तेवढं पुकारा. जास्त नको, कमी नको."

तुइआला उठून उभे राहिले. मग काठी टेकली गेली.

"नारळ एक, फोडलेला!
पाणी त्याचं गोड!
पट्टी म्हणते, साखर नाही!
पट्टीला दिसत नाही!"

म्हाताऱ्यानं कोरडे ओठ ओले केले.

"तुइआलाची साखर... आहे हो!"

कुणी मालो म्हणालं नाही. मग पेती आत्या उठली. "माझीही आहे. पुकार रे, भाऊ." तिच्यामागे आणखी एक जण उठला, मग आणखी एक. आज तुइआलांना बरंच पुकारावं लागलं. सगळं पुकारून होईपर्यंत बंदराकडची बस निघून गेली होती, आणि तिच्यात डॉक्टर फिलिपो होते.

तुइआलांची सुई त्याच संध्याकाळी सुरू झाली. पुढे दवाखान्यात करंगळी कापावी लागली. पाय वाचला.

रोग गेला असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं, रोग गेला की रोग दाखवणारी खूण गेली? अवघड शब्द ऐकून मान डोलावू नये. शेजारी साध्या पाण्याचा एक पेला ठेवून बघावं. आणि आपलंच चुकलं असेल, तर जिथं उभं राहून चुकलो तिथंच उभं राहून खरं सांगावं. आवाज त्यानं फाटत नाही. उलट, त्या दिवसापासून तुइआला पुकारतात ते लोक अधिक कान देऊन ऐकतात.