खोकला थांबला तेव्हा

केडगावातल्या आमच्या गल्लीत धूळ इतकी, की मागच्या उन्हाळ्यात वाल्मिकची शेळी बांधल्या जागी दिसेनाशी झाली आणि दिवाळीच्या झाडलोटीत सापडली, तीही करडासकट. यात थोडं माझ्या पदरचं आहे. पुढच्यात मात्र नाही; असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी टेम्पोवाल्या गोरक्षच्या दारात मांडव पडला होता. त्याच्या लेकीचा, दिशाचा, कोल्हारच्या नितीनशी साखरपुडा. दिशाला लहानपणापासून दमा. गल्लीला मात्र एवढंच ठाऊक, की पोरीचा ‘कोठा सर्दीचा’ आहे. हे नाव तिच्या आईनं, रतनबाईनं, शोधून काढलं होतं. दम्याचा पंप तांदळाच्या डब्यात राहायचा. दिशा तो मोरीत नळ सोडून ओढायची, म्हणजे आवाज भिंतीपलीकडं जायला नको. रोज घ्यायचा आणखी एक पंप डॉक्टरांनी दिला होता. तो रतनबाईनं लग्न ठरल्यापासून बंदच केला. सवय लागते म्हणे.

“आई, पंप दे. छाती घट्ट वाटतीये. मंडपवाल्यांनी सतरंज्या झटकल्यात सकाळपासून.”

“आज न्हाई. पावनी येत्याल आता. पर्समधी कुनी बघितला म्हंजी? दमेकरी पोरगी कोन करून घेनार?”

“आणि लागलाच तर?”

रतनबाईनं पंप स्वतःच्या कनवटीला खोचला. “ह्यो बघ, माज्यापाशी हाय. नुसतं खुनाव.”

पाहुणे आले. नितीनची आई भागिरथीबाई, अबोल बाई. दारातून मांडवात येईपर्यंत निऱ्या नीट करायच्या निमित्तानं त्या वाटेत थांबत आल्या. निऱ्या मुळी सुटल्याच नव्हत्या. त्यांच्या वाटणीचंही बोलायला नितीनची आत्या मुक्ताबाई होती. ती कोल्हारच्या चौकात बोलली, की प्रवरेच्या पलीकडं म्हशी माना वर करतात.

अंगठ्या झाल्या. टाळ्या झाल्या. मग मुक्ताबाई उभी राहिली.

“एवढ्या लोकांनी पोरगी बघितली. दृष्ट काढल्याबिगर मी घास घ्यायची न्हाई!”

आचाऱ्याच्या चुलीतला विस्तव घमेल्यात आला. मीठ, मोहरी, मूठभर लाल मिरच्या. दृष्ट उघड्यावर काढली तर ती वाऱ्यावर जाऊन दुसऱ्याला लागते, असं मुक्ताबाईचं शास्त्र. म्हणून दिशाला आतल्या खोलीत पाटावर बसवलं, भोवती बायका दाटल्या आणि दार लोटलं.

मिरच्या तडतडल्या. धूर उठला. आधी सगळ्याच खोकल्या, पदर नाकाला लावून हसल्याही. मग एकेकीचा ठसका थांबला. दिशाचा थांबेना.

तिनं आईकडं बघितलं. ठरल्याप्रमाणं खुणावलं.

रतनबाईचा हात कनवटीला गेला. समोर सगळं कोल्हार बसलेलं. हात तिथंच राहिला.

“बघा कशी निघतीय!” मुक्ताबाई ओरडली. “लई जनांची नजर हाय. आना आनखी मिरच्या!”

“जरा भाईर घ्या तिला,” रतनबाई म्हणाली. पण इतकं हळू, की तिचं तिलाच ऐकू गेलं असेल.

दुसरी मूठ पडली. दिशा गुडघ्यांवर हात रोवून पुढं वाकली. गळ्याखालची खळी आत आत ओढली जात होती. ओठांची लाली होती तशीच होती. नखं मात्र निळी पडली.

आणि खोकला थांबला.

“उतरली!” मुक्ताबाईनं कानशिलावर बोटं मोडली. “झाली का न्हाई गप? काढा गं फोटो.”

कुणीतरी खरंच मोबाईल वर केला.

भागिरथीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. ही शांतता त्यांनी आतून ऐकलेली होती. त्या उठल्या, दार ढकललं, घमेलं पदरानं धरून अंगणात भिरकावलं आणि पोलक्यात हात घालून एक पंप काढला.

“व्हा बाजूला! गप कसली झालीय? तिला श्वास मिळंना!”

“वैनी, ह्ये काय?”

“दम्याचा पंप हाय. माजाच. नितीनच्या जल्माआदीपासनं.” त्यांनी दिशाची हनुवटी वर केली. “ओढ, पोरी. धर आत. आनखी एकदा.”

रतनबाई लेकीपाशी कोसळली. तिच्या कनवटीतला पंप सुटला आणि घरंगळत भागिरथीबाईंच्या पायाशी गेला.

“तुमच्यापाशी हुता?” भागिरथीबाईंनी विचारलं. बास, एवढंच.

गोरक्षनं टेम्पो काढला. दवाखान्यात ऑक्सिजन लागला, सलाईन लागलं, आणि बऱ्याच वेळानं पोरीची छाती पुन्हा वाजायला लागली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “पंपाची सवय लागत नाही. रोजचा रोज घ्यायचा, अडीनडीचा जवळ ठेवायचा. आणि छाती गप झाली म्हणजे दमा थांबला असं नसतं. तेव्हा हवाच आत जात नसते. आणखी थोडा उशीर झाला असता तर…”

व्हरांड्यात मुक्ताबाईला वाचा फुटली. “आता सोयरिकीचं कसं? एका घरात दोन दमेकरी?”

“एक हुतीच की. तुमाला कळलं का इतकी वर्सं?” भागिरथीबाई म्हणाल्या. नितीन आईकडं बघत होता, जणू आजच ओळख झाली.

आत खाटेवर दिशाला सगळं ऐकू येत होतं. तिनं मास्क बाजूला केला. “मी पंप पर्समध्ये ठेवणार. वरच्या कप्प्यात. चालत असेल तर तारीख काढा. नाहीतर अंगठी घेऊन जा.”

अंगठी बोटातच राहिली.

रतनबाईनं आता पंप दाराशी खिळ्याला टांगलाय, किल्ल्यांच्या शेजारी. तो बघून गल्लीतले पंप बाहेर यायला लागले. पिठाच्या डब्यातून, देवाच्या तसबिरीमागून. रिटायर आप्पासाहेबांचा तर मोज्यातून निघाला. एकूण किती निघाले ते सांगितलं तर तुम्ही शेळीची आठवण काढाल.

कोपऱ्यावरच्या श्रीमंतची सून रश्मी तेवढी आली नाही. तिच्या सासूच्या मते ती कामचुकार, खोकायची सोंगं करणारी. तो खोकला रोज संध्याकाळी भिंतीवरून यायचा.

काल आला नाही.

“आज बरं वाटतंय जनू रश्मीला,” जेवताना गोरक्ष म्हणाला.

रतनबाईची चपाती तव्यावर करपली. खिळ्यावरचा पंप ओढून ती अनवाणी धावली आणि श्रीमंतच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागली.

आतून सासूचा आवाज आला, “आत्ताच गप पडलीय. उद्या या.”

रतनबाईनं दाराला खांदा लावला.