बद्रीनाथचा समुद्र आणि गल्लीच्या गोधड्या

पैठणचं धरण भरलं आणि समुद्र औरंगाबादच्या उंबऱ्याशी आला. "पलीकडचा काठ दिसत नाय!" असं कचेरीत जो तो सांगू लागला, तेव्हा बद्रीनाथच्या मनानं घेतलं, की एक दिवस तिथं वाळूत पाय ताणून पडायचं. काही करायचं नाही, कुणाशी बोलायचंसुद्धा नाही. एरवी साहेबाचा आरडाओरडा आणि सुट्टीला गावाकडं भावांची बांधावरची भांडणं ऐकून त्याचे कान किटले होते. एक दिवस! जास्त मागणं नव्हतं.

चूक एवढीच, की हे त्यानं पितृपक्षात बोलून दाखवलं.

"पाणी लई हाय म्हंता?" बायको मनकर्णाबाईनं विचारलं.

"अगं, समुद्रच."

"मग गोधड्या नेऊ. घट बसायला आलेत, आन् इथं नळाला करंगळीएवढी धार."

नवरात्राआधी घरातली एकूण एक गोधडी धुतलीच पाहिजे, हा रिवाज मोडायची बद्रीनाथची काय छाती! "फक्त आपल्याच," तो कळवळून म्हणाला.

भिंतीपलीकडून शेजारच्या आवडाबाई ओरडल्या, "भाऊजी, आमच्या पण दोनच हायेत!"

रविवारी शहागंजातून टेम्पो आला, तेव्हा गल्लीत माणसं दिसत नव्हती, गोधड्या दिसत होत्या. बद्रीनाथला टपावर जागा मिळाली, तीही आवडाबाईंच्या सासऱ्याची वाकळ मांडीवर घेऊन.

काठावर उतरताच त्यानं मऊ वाळू हेरली, पंचा अंथरला, डोळे मिटले.

"उठा! तिथं वाळत घालायचंय."

तो सरकला. तिथंही एक ओली गोधडी येऊन पडली. सरकत सरकत बिचारा बाभळीच्या काट्यांत गेला.

बायका मात्र रंगात आल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे सात-सात थर त्या गोधड्यांना. एकेक बुडाली, की म्हशीसारखी पाणी प्यायची. दुपारपर्यंत धरणाचं पाणी फर्लांगभर मागं हटलं. खोटं वाटत असेल तर पैठणात कुणालाही विचारा, तो मैलभर सांगेल.

एवढ्यात केरबा धनगर मेंढरं घेऊन पाण्यावर आला आणि उघड्या पडलेल्या चिखलाकडं बघतच राहिला. बाप्या एकच दिसला, म्हणून त्यानं बद्रीनाथलाच धरलं.

"ओ सायेब, पाणी कुठं नेलं?"

"मी? अरे बाबा, मी नुसता पडायला आलोय!"

"पडा की मंग, कोण नको म्हंतंय? पर आधी पाणी द्या. मेंढरं तहानली हायेत."

"गोधड्यांनी पिलं, त्याला मी काय करू?"

"पिळा."

एक टोक केरबानं धरलं, दुसरं बद्रीनाथनं. एक गोधडी पिळली, की पाणी वीतभर पुढं यायचं. मेंढरं दोन घोट प्यायची आणि त्याच्याकडंच बघून बें करायची. केरबा म्हणायचा, "जोर लावा, सायेब. कचेरीत काय नुसतं बसूनच खाता व्हय?" सगळी गल्ली पिळून झाली तेव्हा सूर्य बुडाला होता आणि बद्रीनाथचे दोन्ही हात कोपरापासून उलटे फिरल्यासारखे झाले होते.

परतताना मनकर्णाबाई समाधानानं म्हणाली, "कसं निवांत वाटलं, न्हाई?"

बद्रीनाथनं दात आवळले. "पुढच्या उन्हाळ्यात अशा ठिकाणी जायचं, जिथं पाण्याचा टिपूसही नसंल. नुसता उघडा माळ."

मग आवडाबाईंनी हळूच मनकर्णाबाईला कोपरानं ढोसलं.

"माळ म्हंजी ऊन झकास असंल, न्हाई? कुरडया तिथंच घालू की, सगळ्या गल्लीच्या!"