चौथी फुंक

फाल्गुनातली दुपार होती. वाशिष्ठीच्या दोन्ही तीरांवर पांगारा फुलला होता; निष्पर्ण, निःशब्द, रक्तवर्ण. त्याची छाया पाण्यात उतरे आणि पाणीही क्षणभर रक्तवर्ण होई. कांदळवनाच्या श्यामल कडेने भरती वर चढत होती, मंद मंद, गंभीर, सागराचा खारट श्वास डोंगरांच्या उरापर्यंत नेत. गोवळकोटच्या बंदरात मालवाहू पडावांची शिडं गुंडाळलेली होती, आणि ते पडाव चालवणारे सगळे तांडेल ओहोटीची वाट पाहत बसले होते.

नदीला माउली म्हणणाऱ्यांनी बहुधा तिच्या काठी संसार केलेला नसतो. काठावरची माणसं तिला नमस्कार करतात, नारळ देतात, आणि पोरांना तिच्यापासून चार हात लांब ठेवतात. ती सहा तास वर वाहते, सहा तास खाली वाहते. वर जाताना कौलं नेते, मीठ नेते. खाली येताना घाटावरचा गूळ आणते, मिरची आणते. अवजड माल ती फुलासारखा वाहून नेते, पण कुणासाठी घटकाभर थांबत नाही.

त्या दुपारी धर्माजी तांडेलासाठीही ती थांबली नाही.

त्याच्या ‘वाघजाई’ पडावात गुळाच्या ढेपा भरून झाल्या होत्या. सुवर्णवर्ण, सुगंधी, ओळीने रचलेल्या ढेपा. त्या ढेपांच्या मधोमध, जुन्या शिडाच्या शुभ्र कापडाखाली, त्याचा बावीस वर्षांचा मुलगा भागोजी निजलेला होता. गुळावर आलेल्या मधमाश्या त्या कापडावरही बसत होत्या. विश्राम खलाशी आपल्या फडक्याने त्यांना हाकलत होता, आणि त्या पुन्हा येत होत्या.

सकाळी नांगर अडकला होता. तसं नवल काही नव्हतं. पुरात वाहून आलेली झाडं बंदराच्या तळाशी रुतून बसतात आणि नांगर त्यांच्या मुळांत गुंततो. अशा वेळी भागोजी पाण्यात सूर मारी, तळाशी जाऊन नांगर सोडवी आणि केस झटकत, हसत वर येई. शंभर वेळा तो गेला होता आणि शंभर वेळा वर आला होता. आज नांगर वर आला, आणि दोराच्या वेढ्यात पाय अडकलेला भागोजी नांगरामागून आला. धर्माजीने त्याला पालथा घातला, पाठ चोळली, छाती चोळली, तोंडाला तोंड लावून आपला श्वास त्याला दिला. बापाचा श्वास आत गेला आणि तसाच बाहेर आला.

मग ओहोटी लागली. पडाव आपणहून समुद्राकडे वळला.

*

घर सहा कोसांवर होतं. नदी जिथे काळ्या खडकाला वळसा घालते, तिथे वळणापलीकडे केतकीची वाडी. वाडीतली घरं थोडी, माडांची छाया पुष्कळ. त्या घरांतला प्रत्येक पुरुष पाण्यावर होता आणि प्रत्येक बाई काठावर. दोघांच्या मध्ये बोलणारा होता तो शंख.

रीत जुनी होती. वळणावर आलेल्या पडावाने शंख फुंकायचा, आणि पडावात जितकी माणसं तितक्या फुंका मारायच्या. कधी एखादा खलाशी पुढच्या मालासाठी बंदरावर राही, कधी कुणाचा पाहुणा सोबत येई. तांडेलाच्या घरच्या बाईने काठावरून फुंका ऐकायच्या आणि फुंकेमागे एक करवंटी तांदूळ चुलीच्या वैलावर चढवायचा. पडाव खडकाला वळसा घालून, गाळ चुकवत, काठाला लागेपर्यंत भात शिजलेला असे. ओल्या अंगाची, वल्ह्यांनी हात सोललेली माणसं येऊन पानावर बसत आणि गरम भातावर कुळथाची पिठी ओतून घेत. वाडीला याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं, आणि मला विचाराल तर याहून मोठं सुख नसतंच.

या रीतीला एकच नियम होता. शंख खोटा फुंकायचा नाही. माणसाने खोटं बोलावं, सौदा करताना तर बोलावंच. पण शंखाने बोलू नये. धर्माजीने हा नियम आयुष्यभर पाळला होता, आणि भागोजीच्या हाती शंख दिला तेव्हा त्यालाही हाच एक नियम शिकवला होता.

गेली सहा वर्षं ‘वाघजाई’चा शंख भागोजीच फुंकत असे. पहिली फुंक बापाची. दुसरी विश्रामकाकाची. तिसरी दुसऱ्या खलाशाची, तुळाजीची. आणि चौथी स्वतःची. ती तो मुद्दाम लांबवी, इतकी लांब, इतकी लाडिक, की शेवटाला ती वर चढे आणि माडांच्या शेंड्यांत जाऊन थांबे. तीन फुंकांना येसू, त्याची आई, नुसते तांदूळ घाली. चौथीला ती हसे. शेजारणी तिला चिडवत की तुझा लेक शंख फुंकत नाही, भूक लागली म्हणून रडतो. येसू म्हणे, रडू दे, माझ्याकडेच रडतोय ना.

*

उन्हं कलली. पाणी उतरू लागलं. दोन्ही काठांचा काळा, चिकट गाळ उघडा पडला, आणि त्या गाळावर मगरी ऊन खात पडून राहिल्या, अचल, उदासीन. पडाव चालला होता. शीड नव्हतं, वल्हं नव्हतं; नुसती नदी त्याला नेत होती.

सुकाणूवर धर्माजी बसला होता. तो रडला नव्हता. त्याच्यापुढे ती शंखाची गोष्ट उभी होती, आणि तिच्या आड दुःखही थांबून राहिलं होतं.

तीन फुंकायच्या. खरं तेच. पण उद्या होळीची पुनव होती. शिमग्याला वाडीचा एकही पुरुष बंदरावर राहत नाही, पालखीला खांदा द्यायला सगळे परततात. आजच्या दिवशी तीन फुंका गेल्या, तर येसू त्याचा अर्थ लावणार नाही असं कसं होईल? आणि चौथी लांब फुंक आली नाही, तर कोण नाही हे तिला कुणी सांगावं लागणार नाही. पडाव काठाला लागायला अजून घटका-दोन घटका असतील. तेवढा वेळ ती एकटी असेल. पेटलेल्या चुलीपुढे, हातात करवंटी घेऊन, एकटी.

आणि चार फुंकाव्या? मग ती भात घालील. चौघांचा. मग तो भात शिजेल.

विश्राम फडकं हातात घेऊन कापडाशी बसला होता. तुळाजी तर दुपारपासून पुढच्या टोकाला, नाळीवर, पाठ करून बसला होता. नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो मोडायला किंवा पाळायला कुणी सांगण्याजोगं नव्हतं.

पश्चिमेला केशर सांडलं. पाणी सोनेरी झालं, मग तांबूस, मग राखी. काळा खडक दिसू लागला.

धर्माजीने ढेपांमागच्या फळीवरून शंख उचलला. शुभ्र, शीतल, समुद्राच्या पोटातून आलेला शंख. त्याच्या तोंडाशी भागोजीच्या ओठांनी झिजून गुळगुळीत झालेली जागा होती. बापाचे ओठ त्या जागी टेकले.

पहिली फुंक गेली. ती त्याची स्वतःची होती आणि त्याला तिची लाज वाटली.

दुसरी गेली. विश्रामने मान खाली घातली.

तिसरी गेली. डोंगराने ती ऐकली, पाण्याने ऐकली, आणि सगळीकडे शांत झालं.

आता थांबायचं होतं. थांबणं एवढंच उरलं होतं. पण धर्माजीच्या छातीत अजून श्वास होता. सकाळी मुलाला दिलेला, मुलाने न घेतलेला, परत आलेला श्वास. तो त्याच्या घशाशी आला आणि शंखात शिरला.

चौथी फुंक गेली. आखूड, फाटकी, थरथरती. माडांच्या शेंड्यांपर्यंत ती पोचलीसुद्धा नाही.

धर्माजीने शंख मांडीवर ठेवला आणि मग तो रडला.

*

वळणापलीकडे येसू चुलीपुढे बसली होती. दारात शेणाचा सडा ओला होता, पालखीसाठी रांगोळी अर्धी काढून झाली होती. पहिल्या फुंकेला तिने पहिली करवंटी घातली, दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी. मग तिचा हात तांदळाच्या मडक्यावर थांबला. चौथी यायला नेहमीपेक्षा उशीर झाला.

ती आली, तेव्हा येसूने करवंटी काठोकाठ भरली आणि वर आणखी एक मूठ घातली. शेजारीण दारात उभी होती. तिला येसू म्हणाली की आज पोर दमलाय, ढेपा चढवून हात गळले असतील, शंखात दम नाही बघ. भातावर घालायला तिने शिंकाळ्यावरचं तूप खाली काढलं. रांगोळीतली उरलेली बाजू भरताना ती गुणगुणत होती. भाताला उकळी आली, झाकण थडथडू लागलं, आणि घरभर नव्या तांदळाचा वास पसरला.

पडाव काठाला लागला तेव्हा ती पायरीपर्यंत खाली आली होती.

तिने तिघांना पाहिलं. मग चौथ्याला शोधलं. ढेपा पाहिल्या, ढेपांमधलं पांढरं शीड पाहिलं, शिडाबाहेर आलेला एक पाय पाहिला. त्या पायावर दोराचा निळा वळ होता. काठावर जमलेल्या बायांना हे कळायच्या आत तिला कळलं, आणि तरीही ती धर्माजीकडे पाहत राहिली. कुणी तरी शब्दांनी सांगावं लागतं.

“चौथी मी फुकली,” धर्माजी म्हणाला.

ओहोटीचं पाणी पडावाच्या बुडाशी चुळचुळत होतं.

“आखूड वाटली मला,” ती म्हणाली. “म्हटलं, दमला आसंल.”

“तीनवर थांबाया गेलो गो. नाय थांबता आलं. खोटा फुकला शंख. माज्या हातनं झालं.”

तो पायरीवर बसला. गावापुढे आता त्याला उभं राहता येत नव्हतं. मुलगा गेला होता, आणि मुलाला शिकवलेला एकुलता एक नियमही गेला होता. येसू पाण्यात उतरली, गुडघाभर गाळात, पडावाच्या काठापर्यंत गेली. शिडाबाहेरचा तो पाय तिने पदराने पुसला आणि आत ठेवला. मग नवऱ्याकडे न वळताच ती बोलली.

“बरं केलंत. तेवढा येळ तरी माजा पोर घरला येत हुता.”

आणि मग तिने जो हंबरडा फोडला, तो नदीच्या दोन्ही काठांनी ऐकला.

*

त्या वर्षी वाडीत पालखी नाचली नाही. ढोल खुंटीवरच राहिले. येसूच्या चुलीवरचा भात कुणी पानावर घेतला नाही. विश्रामच्या बायकोने तो तसाच झाकून पायरीवर नेला आणि उतरत्या पाण्यात सोडला. पाण्यावर तुपाचे सोनेरी गोल थोडा वेळ तरंगले. बोय माशांची लहान लहान पिलं आली, भाताची शितं वेचून गेली. मग पाणी निवळलं, आणि ओहोटी आपली खाली जात राहिली.

तेराव्यानंतर ‘वाघजाई’ पुन्हा पाण्यावर निघाली. माल थांबत नाही. कौलं वर गेली, गूळ खाली आला, पांगाऱ्याची फुलं झडली आणि त्याला हिरवी पानं फुटली. नवा खलाशी धर्माजीने घेतला नाही. शंख आता तुळाजी फुंकतो. तीन फुंका, समान, सरळ, खऱ्या.

वळणावर पहिली फुंक येते, येसू एक करवंटी घालते. दुसरी येते, दुसरी घालते. तिसरी येते, तिसरी घालते. मग वळणावर शांत होतं.

तेव्हा तिचा हात पुन्हा मडक्यात जातो. तो चौथी करवंटी भरतो, काठोकाठ, वर एक मूठ. ती भरलेली करवंटी हातात धरून येसू थोडा वेळ बसून राहते. माडांचे शेंडे हलत असतात. चूल पेटलेली असते. पाणी खडकाला वळसा घालत असतं.

मग ती करवंटी हळूच मडक्यात उलटी करते. तांदूळ तांदळात मिसळतो. त्यातला चौथा कुठला, हे मग तिलाही ओळखता येत नाही.