खंड्याची दरड

"काका, मशीन का थांबवलंत?" इंजिनिअरसाहेब बांधावरून ओरडले.

पोकलेन चालवणारे काका केबिनमधून उतरले आणि त्यांनी समोर बोट दाखवलं. नदीकाठच्या मातीच्या उभ्या दरडीला मुठीएवढी भोकं होती. चोचीत मासा धरलेला एक खंड्या आला आणि त्यातल्या एका भोकात सुर्रकन शिरला.

"आत पिल्लं आहेत, साहेब."

"असतील. पण दरड आजच सपाट व्हायला हवी. उद्या पूरभिंतीचा पाया घ्यायचाय."

"माझ्या हातून नाही व्हायचं."

बोलून गेल्यावर काकांनाच नवल वाटलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याच साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. या नदीची दोन वळणं त्यांनीच सरळ केली होती, काठची झाडी त्यांनीच ओरबाडली होती. 'काय सुरेख काम केलंत!' म्हणून लोकांनी तेव्हा पाठही थोपटली होती. पुढे डोह गेले, डोहांबरोबर मासे गेले, आणि दर पुराला पाणी खालच्या वस्तीत शिरायला लागलं. ही सल त्यांनी बायकोलाही कधी बोलून दाखवली नव्हती.

"मग मी दुपारी दुसरा ड्रायव्हर बोलावतो," साहेब म्हणाले. काकांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि ते तडक समोरच्या इमारतीत गेले. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. रोज सकाळी काठावर बसून पाखरांच्या नोंदी करायच्या.

"बाई, तुमची वही घेऊन चला. दरड पाडताहेत."

"अहो, तीन वर्षं मी तुमच्या त्या यंत्राला शिव्या घालतेय!"

"त्या नंतर घाला. आधी चपला घाला."

बाई आल्या त्या एकट्या नाही, अख्खा जिना घेऊन आल्या. कुणी पिठाचे हात तसेच घेऊन, कुणी खुर्ची उचलून. सगळे दरडीसमोर ठाण मांडून बसले. बाईंनी कोणतं भोक कधीचं, पूर कुठवर आला, झाडं राहिली तिथला काठ कसा टिकला, सगळं साहेबांना वाचून दाखवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. ऐकता ऐकता तोही मांडी घालून बसला, मग उठून त्याने वरच्या ऑफिसला फोन लावला. दुसरा ड्रायव्हर आला, तो चहा पिऊन परत गेला.

पिल्लं उडेपर्यंत काम थांबलं. मग वरचे लोक येऊन पाहून गेले आणि भिंत चाळीस पावलं मागे सरकली. काकांची बदली मात्र डेपोत झाली. नोकरीचे शेवटचे पाच महिने त्यांनी यंत्रांना ग्रीस लावण्यात काढले. कुरकुर केली नाही.

आता रविवारी इमारतीतली मंडळी सरळ केलेल्या वळणावर काठची माती धरून ठेवणाऱ्या वाळुंजाच्या फांद्या लावतात. काकांची बायकोही येते.

"तासात अख्खा काठ साफ करायचात," ती म्हणाली, "आणि आज तासात सातच फांद्या?"

"अगं, हाताचं काम आहे. हळूच होणार."

त्यांनी आठवी फांदी ओल्या गाळात खोचली आणि दोन्ही तळव्यांनी भोवतीची माती दाबत राहिले.